डिस्चार्ज कार्डावरचा 'आर ७३' की 'ई ११'? सही करण्याआधी एकदा बघून घ्या

दवाखान्यातून सुट्टी होताना मिळणाऱ्या कागदांवर, विशेषतः विम्याच्या क्लेम फॉर्मवर, आजाराच्या नावाशेजारी एक इंग्रजी अक्षर आणि काही आकडे असतात. औषधाचा नंबर असेल म्हणून कुणी तिकडे बघत नाही. पण तो आजाराचा कोड असतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'आयसीडी' यादीतला. यादीची दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी २०२२ पासून लागू झाली, तरी आपल्याकडच्या क्लेम फॉर्मवर दहावीचाच रकाना आहे.

या यादीत आर ७० ते आर ७९ हा गट रक्त तपासणीसाठी राखलेला आहे. रक्तात काहीतरी वेगळं दिसलं, पण आजाराचं निदान अजून झालेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. ईएसआर वाढला तर आर ७०, लिव्हरचे एसजीओटी-एसजीपीटी वाढले तर आर ७४, साखर वाढली तर आर ७३.

खरी गडबड साखरेतच होते. तापाने फणफणलेल्या माणसाला भरती केलं, ग्लुकोजचं सलाईन चालू असताना साखर मोजली, १९० आली. ताप उतरला की साखरही उतरते. हा आर ७३. पण घाईत कुणी ई ११, म्हणजे टाइप २ मधुमेह लिहिला, तर तो माणूस कागदोपत्री कायमचा शुगरवाला होतो. पुढे त्याने विमा काढला की कंपनी हाच कागद दाखवून 'आजार आधीपासूनचा होता' म्हणू शकते, आणि अशा आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मधुमेह म्हणायला उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, नाहीतर एचबीएवनसी ६.५ किंवा जास्त लागते. लक्षणं नसतील तर एका रिपोर्टवर शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात.

'रक्त कमी आहे' हे मात्र आर गटात बसत नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली, गरोदरपणी ११ च्या खाली गेलं की तो ॲनिमिया, कोड डी अक्षराचा. डी ५० म्हणजे लोहाची कमतरता. डी ६४.९ म्हणजे ॲनिमिया आहे, कारण शोधलेलं नाही. असा कोड दिसला तर कारण काय, हे डॉक्टरांना विचारायलाच हवं.

गडचिरोली, नंदुरबारकडे सिकलसेलचा कोड तर लग्नाच्या बोलणीपर्यंत जातो. डी ५७.३ म्हणजे फक्त वाहक. त्याला सहसा त्रास नसतो. डी ५७.० आणि ५७.१ म्हणजे रुग्ण. गावातल्या शिबिरात होणारी सोल्युबिलिटी चाचणी या दोघांतला फरक सांगत नाही, त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ रुग्ण निघण्याची शक्यता २५ टक्के. म्हणून वाहकाला रुग्ण लिहिणं जेवढं वाईट, तेवढंच रुग्णाला वाहक समजून घरी पाठवणं.

कोड चुकला वाटलं तर स्वतः खाडाखोड करू नये, क्लेम तिथेच अडकतो. लॅबचे रिपोर्ट घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जावं आणि दुरुस्त केलेलं कार्ड सही-शिक्क्यासह मागावं. फाईल विमा कंपनीकडे जाण्याआधी हे काम सोपं असतं, नंतर हेलपाटे वाढतात.