उच्च शिक्षणाचा खर्च : कुटुंबातील वाटेकरी, कायदा आणि व्यवहार

मुलामुलींच्या महाविद्यालयीन शिक्षणाचा खर्च आईवडिलांनी करायचा, असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तो केवळ आईवडिलांच्या मिळकतीत भागतो अशी घरे थोडी. आजोबांच्या निवृत्तिवेतनातून पहिल्या वर्षाचे शुल्क, आधी नोकरीला लागलेल्या ताईच्या पगारातून वसतिगृहाचे पैसे, आखातात किंवा बोटीवर असलेल्या मामाकडून लॅपटॉप आणि उरलेल्या रकमेसाठी बँकेचे कर्ज, अशी ही मोळी बांधली जाते. या वाट्यांविषयी बहुतेक घरांत उघड बोलणे होत नाही. कोणी भेट म्हणून दिले आणि कोणी उसने, हे ज्याच्या त्याच्या मनात राहते. पुढे नोकरी लागायला उशीर झाला, भावंडांची लग्ने झाली किंवा घराची वाटणी निघाली, की मनातले हे हिशेब बाहेर येतात. या विषयातील प्रथा, कायदा आणि पैशाचा व्यवहार यांची माहिती येथे एकत्र दिली आहे.

जुनी रीत

शिक्षणाचा भार अनेकांनी उचलण्याची परंपरा मराठी समाजात जुनी आहे. पुण्यासारख्या शहरात गरीब विद्यार्थी माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. म्हणजे आठवड्याचा एकेक दिवस एकेका घरी जेवणाची सोय असे. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील १८७९ साली वारले, तेव्हा थोरले बंधू गोविंदराव यांनी शिक्षण सोडून नोकरी धरली आणि तुटपुंज्या पगारातून धाकट्या भावाला पैसे पाठवले. गोखले १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने पुढे जायचे, ही खर्चवाटणीची सर्वांत जुनी पद्धत होय. थांबणाऱ्याचा हा वाटा कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

गोव्यात १८४२ पासून वैद्यकीय शिक्षणाची सोय होती. परंतु धेंपे आणि चौगुले ही कला व विज्ञानाची महाविद्यालये मुक्तीनंतर, १९६२ साली सुरू झाली आणि गोवा विद्यापीठ १९८५ साली. त्यापूर्वी मराठी किंवा इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या मुलाला पदवीसाठी बेळगाव, धारवाड, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे. तेथे राहणाऱ्या नातेवाइकाच्या घरी त्याची सोय केली जाई. मावशीने चार वर्षे घातलेले जेवण हाही शिक्षणखर्चातील वाटाच होता, फक्त त्याला रुपयांत किंमत लावली जात नसे.

खर्च नेमका कशाचा?

खर्चाचा अंदाज बांधताना शुल्कावरच लक्ष जाते. राज्यातील अनुदानित महाविद्यालयात शिकणारा आणि कदंबच्या बसने घरून ये-जा करणारा विद्यार्थी आणि बेळगाव, पुणे किंवा बेंगळुरूला खोली घेऊन राहणारा विद्यार्थी यांच्या खर्चात जो फरक पडतो, तो मुख्यतः निवास आणि भोजनाचा असतो. वसतिगृहाची अनामत, खाणावळ, प्रवास, पुस्तके, उपकरणे, परीक्षा शुल्क आणि प्रवेशापूर्वीच्या शिकवण्या यांची स्वतंत्र यादी करावी. वर्षातून एकदा येणारा खर्च आणि दरमहा लागणारा खर्च असे तिचे दोन भाग पाडावेत. वाटे ठरवताना ही विभागणी उपयोगी पडते. ज्याच्याकडे साठवलेली रक्कम आहे, त्या आजीआजोबांना वर्षाचे शुल्क भरणे सोपे जाते. ज्याचा पगार नुकता सुरू झाला आहे, त्या भावाबहिणीला दरमहा ठरावीक रक्कम देणे परवडते.

मुलीच्या बाबतीत या तयारीसाठी सुकन्या समृद्धी खाते उपलब्ध आहे. मुलगी १० वर्षांची होण्यापूर्वी ते उघडावे लागते. त्यात वर्षाला किमान २५० आणि कमाल १ लाख ५० हजार रुपये भरता येतात. भरणा १५ वर्षे करायचा असतो आणि खाते २१ वर्षांनी पूर्ण होते. मुलगी १८ वर्षांची झाल्यावर किंवा दहावी उत्तीर्ण झाल्यावर, मागील आर्थिक वर्षाअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम उच्च शिक्षणासाठी काढता येते. खाते पालकानेच उघडायचे असते. आजीआजोबांना हातभार लावायचा असल्यास त्यांनी पैसे द्यावेत, पण खाते आपल्या हाती ठेवण्याचा आग्रह धरू नये.

विद्येची कमाई कोणाची?

ज्यांनी शिकवले त्यांचा शिकलेल्याच्या कमाईवर हक्क असतो का, हा प्रश्न एकेकाळी न्यायालयात गाजला. एकत्र हिंदू कुटुंबाच्या पैशातून विशेष शिक्षण घेऊन सनदी सेवेत गेलेल्या सदस्याची कमाई ही साऱ्या कुटुंबाची मालमत्ता ठरते, असा निर्णय लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १९२१ साली दिला. सर्वसाधारण शिक्षण आणि उपजीविकेचे विशेष शिक्षण यांत त्या काळचा कायदा भेद करीत असे. पहिल्यासाठी केलेला खर्च हे कुटुंबाचे कर्तव्य मानले जाई, तर दुसऱ्यावरील खर्चाने पुढच्या कमाईत हिस्सा निर्माण होई.

ही स्थिती बदलण्यासाठी बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर यांनी पुढाकार घेतला. तेच पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या प्रयत्नांतून १९३० साली हिंदूंच्या विद्यार्जित मिळकतीचा कायदा संमत झाला. शिक्षण कोणाच्याही पैशाने झालेले असो, विद्येच्या बळावर मिळवलेली मालमत्ता मिळवणाऱ्याची स्वतंत्र मालमत्ता ठरेल, असे त्याने स्पष्ट केले. कमाईवरील कायदेशीर दावा अशा रीतीने संपला. नैतिक ऋण मात्र कायद्याने फिटत नाही, आणि घरातील अबोला बहुधा या दोहोंच्या मधल्या जागेत वाढतो. मदत करणाऱ्याला ती परत हवी असेल, तर तसे आधीच ठरलेले असले पाहिजे. नातेसंबंधाच्या आधारावर ती नंतर वसूल करता येत नाही.

आईवडील विभक्त असतील तर

पतीपत्नी वेगळे राहत असतील तर शिक्षणखर्चाची वाटणी न्यायालयासमोर येते. सर्वोच्च न्यायालयाने रजनेश विरुद्ध नेहा या खटल्यात ४ नोव्हेंबर २०२० रोजी दिलेल्या मार्गदर्शक निर्णयानुसार, मुलांच्या शिक्षणाचा खर्च सामान्यतः वडिलांनी सोसावयाचा असतो. आईलाही पुरेशी मिळकत असेल, तर तो दोघांत त्यांच्या मिळकतीच्या प्रमाणात विभागता येतो. हे प्रमाणाचे तत्त्व एकत्र नांदणाऱ्या कुटुंबांनाही मार्गदर्शक आहे. समान वाटा नेहमीच न्याय्य नसतो. महिना ८० हजार मिळवणारा आणि महिना २० हजार मिळवणारी यांनी निम्मे निम्मे दिले, तर ओझे सारखे राहत नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खालील निर्वाहाचा हक्क मुख्यतः अज्ञान मुलांना आहे. पदवीचे शिक्षण मात्र सज्ञान झाल्यावरच सुरू होते. म्हणून विभक्त पालकांनी तडजोडीचा करार करताना शिक्षण पूर्ण होईपर्यंतच्या खर्चाचे कलम त्यात स्पष्टपणे घालून घ्यावे.

कर्ज : सही कोणाची, हप्ता कोणाचा?

भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेनुसार ४ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही, पण पालक सहकर्जदार असतात. ४ लाख ते ७ लाख ५० हजार या टप्प्यात त्रयस्थ जामीनदार मागितला जाऊ शकतो आणि त्यापुढे स्थावर किंवा अन्य तारण द्यावे लागते. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे १ वर्ष हप्ता भरावा लागत नाही; त्या काळात सरळ व्याज साठत जाते. परतफेडीस १५ वर्षांपर्यंत मुदत मिळू शकते.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेल्या प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेत, यादीतील गुणवत्ताप्राप्त संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, पात्र विद्यार्थ्याला १० लाखांपर्यंतच्या कर्जावर हप्ता सुरू होईपर्यंतच्या काळासाठी व्याजात ३ टक्के सवलत आहे. राज्यात गोवा शिक्षण विकास महामंडळाची व्याजमुक्त शैक्षणिक कर्ज योजना आहे. बँकेकडे जाण्यापूर्वी तिची चालू वर्षाची पात्रता अवश्य तपासावी.

सहकर्जदार आणि जामीनदार ही नुसती साक्षीदाराची सही नव्हे. हप्ता चुकल्यास त्याची नोंद सहकर्जदाराच्या पतइतिहासातही होते आणि वसुलीसाठी बँक त्याच्याकडे येऊ शकते. निवृत्तीला ५ वर्षे उरलेल्या काकांनी जामीनदार म्हणून सही करण्यापूर्वी हे त्यांना कोणीतरी सांगितले पाहिजे.

व्याजाचे गणित पाहू. दर वर्षाच्या आरंभी २ लाख ५० हजार याप्रमाणे ४ वर्षांत १० लाख रुपये घेतले आणि व्याजदर ९ टक्के धरला, तर शिक्षणाची ४ वर्षे आणि सवलतीचे १ वर्ष मिळून ३ लाख १५ हजार रुपये सरळ व्याज साठते. हप्ते सुरू होताना कर्ज १३ लाख १५ हजारांचे झालेले असते. १० वर्षांच्या मुदतीत मासिक हप्ता सुमारे १६,६५० रुपये बसतो आणि एकूण परतफेड २० लाखांच्या घरात जाते. तेच व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेल्यास हप्ता सुमारे १२,६७० रुपये राहतो आणि व्याज धरून एकूण सुमारे १८ लाख ३५ हजार रुपये जातात. हे चालू व्याज पहिल्या वर्षी महिना १,८७५, दुसऱ्या वर्षी ३,७५०, तिसऱ्या वर्षी ५,६२५ आणि चौथ्या वर्षापासून ७,५०० रुपये असते. मोठी रक्कम देणे न जमणाऱ्या भावाबहिणीला किंवा आत्यामामाला पेलेल असा हा वाटा आहे, आणि त्याचा फायदा शिकणाऱ्याला पुढे १० वर्षे मिळतो.

गोव्यातील घर आणि तारण

१९३० चा कायदा झाला तेव्हा गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता. येथील कौटुंबिक मालमत्तेची घडण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेने केली. वारशाबाबत आता २०१२ साली संमत होऊन २०१६ पासून अमलात आलेला राज्याचा कायदा लागू आहे. शिक्षणखर्चाच्या दृष्टीने याचे तीन परिणाम ध्यानात घ्यावेत. विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर पतीपत्नींची मालमत्ता सामाईक असते. त्यामुळे घर तारण ठेवताना दोघांची संमती लागते. वडिलोपार्जित घराची वाटणी झालेली नसेल, तर सर्व हिस्सेदार आणि त्यांचे जोडीदार यांच्या सह्यांचा प्रश्न येतो. परदेशी असलेल्या एका हिस्सेदारामुळे कर्जप्रकरण अडू शकते आणि इन्व्हेंटरी प्रक्रियेला वेळ लागतो. मूल बारावीला पोहोचण्याची वाट न पाहता कागदपत्रे आधीच मार्गी लावणे शहाणपणाचे ठरते.

तिसरा परिणाम भावंडांमधील समतोलाचा. येथील कायद्यात मुले सक्तीचे वारस आहेत आणि मृत्युपत्राने साधारणतः निम्म्याच मालमत्तेची स्वेच्छेने व्यवस्था लावता येते. तेव्हा ‘तुझ्या शिक्षणावर खर्च केला, म्हणून घरात तुझा हिस्सा नाही’ असे तोंडी सांगून, विशेषतः मुलीला, वारसातून वगळता येत नाही. एका मुलासाठी जमीन विकायची असेल, तर उरलेल्यांना काय मिळणार हे सर्वांसमक्ष बोलून विक्री करावी.

कर आणि कागद

जुन्या करप्रणालीत दोन मुलांपर्यंतचे शिकवणी शुल्क १ लाख ५० हजारांच्या एकत्रित मर्यादेत वजावटीस पात्र आहे. ही मर्यादा प्रत्येक करदात्याची वेगळी असल्याने, आईवडील दोघे मिळवते असल्यास ज्याने जितके शुल्क भरले तितक्याची वजावट त्याला घेता येते. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर ८ वर्षांपर्यंत, रकमेच्या मर्यादेविना वजावट मिळते. ती ज्याने कर्ज घेतले आणि व्याज भरले त्यालाच, आणि स्वतः, जोडीदार, मुले किंवा पाल्य यांच्या शिक्षणापुरती मिळते. पुतण्याचे व्याज भरणाऱ्या काकाला ती मिळत नाही. नव्या करप्रणालीत या दोन्ही वजावटी नाहीत.

आजीआजोबा, काका, मामा, आत्या, मावशी आणि भावंडे यांच्याकडून मिळालेल्या भेटीवर विद्यार्थ्याला कर नाही, रक्कम कितीही असो. चुलत, मामे, मावस किंवा आते भावंडे मात्र कराच्या व्याख्येत नातेवाईक ठरत नाहीत. अशांकडून वर्षात ५० हजारांहून अधिक मिळाल्यास ती रक्कम विद्यार्थ्याच्या उत्पन्नात धरली जाते. २० हजार किंवा त्याहून अधिक रुपये उसने घ्यायचे असल्यास ते रोखीने घेता येत नाहीत. धनादेश किंवा बँकेमार्फतच घ्यावे लागतात.

यासाठी मोठ्या दस्ताची गरज नसते. प्रत्येक वाटेकऱ्याचे नाव, रक्कम, ती भेट आहे की उसनी, उसनी असल्यास परतफेड केव्हा सुरू होणार आणि शिक्षण अर्धवट राहिल्यास काय करायचे, एवढ्या बाबी एका पानावर लिहून सर्वांनी सह्या कराव्यात. ते पान लिहिताना शिकणाऱ्या मुलाला किंवा मुलीलाही बसवावे. कारण पैसे इतरांचे असले तरी पुढचे हप्ते बहुधा त्याच्याच किंवा तिच्याच नावावर असतात. घरातील ज्याने स्वतःचे शिक्षण थांबवले, त्याचे किंवा तिचे नावही त्या यादीत असावे, आणि पुढची पाळी कोणाची, हे त्याच वेळी ठरावे.