वसईची पडकी चर्च आणि ‘काप्रिच्चो’

वसई किल्ल्यातील छप्पर हरवलेली चर्च, कमानीतून डोकावणारे आकाश, भिंतीला विळखा घातलेली वडाची मुळे. समाजमाध्यमांवर ही छायाचित्रे फिरतात आणि खाली बहुधा एकच ओळ असते : ‘१७३९ मध्ये मराठ्यांनी उद्ध्वस्त केलेली चर्च.’ ही ओळ तपासण्याआधी एका युरोपीय चित्रप्रकाराकडे पाहायला हवे.

सतराव्या शतकात विवियानो कोदाझ्झी आणि अठराव्या शतकात जोव्हान्नी पाओलो पानिनी हे चित्रकार प्राचीन भग्नावशेषांची काल्पनिक दृश्ये रंगवत. पानिनीच्या एकाच चित्रात कोलोसियम, पँथिऑन आणि ट्राजनचा स्तंभ शेजारी शेजारी उभे राहतात. प्रत्यक्ष रोममध्ये ते असे कुठूनही दिसत नाहीत. पायथ्याशी चार-दोन माणसे असतात, तीही केवळ वास्तूची उंची जाणवावी म्हणून. या प्रकाराला ‘काप्रिच्चो’, म्हणजे लहर, म्हणतात. रोमला येणारे धनिक प्रवासी ही चित्रे हौसेने विकत घेत. वास्तू का पडली, हा प्रश्न त्या चित्रांत उद्भवतच नाही. पडझड हीच तिथली शोभा.

मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पानिनी रोममध्ये हीच चित्रे रंगवत होता. इकडे वसईत मात्र कॉरिंथियन स्तंभ आणि रोमन कमानी खऱ्या होत्या. १५३४ पासून दोनशे पाच वर्षे पोर्तुगीजांनी ही शैली इथल्या काळ्या दगडात घडवली. जेझुइट चर्चचा दर्शनी भाग आजही त्याची साक्ष देतो.

मग ही वास्तू पडली कशी? वेढ्यात मराठ्यांचे सुरुंग आणि तोफा मुख्यतः तटाबुरुजांवर चालल्या. सेंट सेबॅस्टियन बुरूज फुटला. आतल्या चर्चना झळ लागली नसेल असे नाही. पण चर्चची हानी वसईला नवी नव्हती. १६१८ च्या वादळाने शहराची दैना केली होती आणि शहर पुन्हा सावरले. सेंट जोसेफ चर्चच्या दारावरील शिलालेख तर १६०१ मधील जीर्णोद्धाराचाच आहे.

१७३९ नंतर थांबली ती डागडुजी. तहानुसार पोर्तुगीज निघून गेले आणि किल्ल्यातल्या चर्चना भाविक उरले नाहीत. घंटा विजयचिन्हे म्हणून देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातील १७२१ सालची घंटा प्रसिद्धच आहे. कोकणच्या पावसात लाकडी छप्पर दर वर्षी शाकारावे लागते, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. छप्पर गेले की भिंतीत पाणी मुरते, फटीत पिंपळ-वड रुजतात. १७८० मध्ये इंग्रजांनी पुन्हा वेढा घातला, तोफा पुन्हा धडाडल्या. दगडी घुमटी छत असलेले काही गाभारे टिकले, लाकडी छपरांची सभागृहे उघडी पडली. हा फरक छायाचित्रांतही स्पष्ट दिसतो, पण तो कुणी मुद्दाम पाहत नाही.

छायाचित्रकार चौकट निवडतो तेव्हा शेजारचा रस्ता, मासळी वाळवणारे कोळी आणि लग्नाआधीच्या फोटोंसाठी आलेली जोडपी बाहेर राहतात. पानिनीला निदान माणसे लागत असत. आणि वसईतला ख्रिस्ती समाज त्या चौकटीबाहेरच सापडतो : १५९७ मध्ये नागासाकीत हुतात्मा झालेले संत गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचे, आणि त्यांच्या सणाला किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये आजही मिस्सा होते.