लेट नाइट टॉक शोचे सूत्रसंचालक

लेट नाइट टॉक शोचे सूत्रसंचालक : अमेरिकेत रात्रीच्या स्थानिक बातम्या संपल्यावर, साधारण साडेअकराच्या पुढे, आठवड्यातून चार-पाच रात्री लागणाऱ्या विनोद, गप्पा आणि संगीताच्या कार्यक्रमांचे प्रमुख कलाकार. या कार्यक्रमांचा साचा १९५० च्या दशकात ठरला आणि पुढे त्यात फारसा फेरफार झाला नाही. टेबल तेच, कोच तोच, पाहुणेही बहुधा तेच. नवा चित्रपट आला की एकच नट आठवडाभरात तीन-चार ठिकाणी दिसतो. त्यामुळे कोणता सूत्रसंचालक सरस, हा वाद अमेरिकी प्रेक्षक पिढ्यान्‌पिढ्या हिरिरीने घालत आले आहेत. साचा समान असल्याने फरक उरतो तो स्वभावाचा, आणि तो दोन ठिकाणी उघडा पडतो : विनोद पडला तर हा माणूस काय करतो, आणि पाहुण्याला कसे वागवतो.

कार्यक्रमाची रचना : ध्वनिचित्रमुद्रण बहुधा त्याच दिवशी संध्याकाळी, प्रेक्षकांसमोर होते. सुरुवातीला सूत्रसंचालक उभ्याने दिवसभराच्या बातम्यांवर विनोद करतो. याला मोनोलॉग म्हणतात. नंतर तो टेबलामागे बसतो, एखादा ठरावीक विनोदी प्रकार सादर करतो आणि एकेक पाहुणा बोलावतो. शेवटी गाणे किंवा नव्या विनोदवीराचा प्रवेश असतो. गप्पा सहज वाटल्या तरी बेतलेल्या असतात. पाहुण्याशी आधी कार्यक्रमातील कर्मचारी बोलून घेतात, सांगण्याजोगे किस्से निवडतात आणि त्यांचे मुद्दे सूत्रसंचालकाच्या हातातील कार्डांवर उतरतात. मोनोलॉग रोज नवा लागत असल्याने लेखकांचा ताफा लागतो. म्हणूनच २ मे २०२३ रोजी पटकथालेखकांचा संप सुरू होताच सर्वांत आधी हेच कार्यक्रम बंद पडले.

आरंभ : एनबीसी वाहिनीने १९५० मध्ये ‘ब्रॉडवे ओपन हाउस’ हा रात्रीचा करमणुकीचा कार्यक्रम करून पाहिला. खरी पायाभरणी झाली ती २७ सप्टेंबर १९५४ रोजी, त्याच वाहिनीवर ‘द टुनाइट शो’ देशभर दिसू लागला तेव्हा. पहिला सूत्रसंचालक स्टीव्ह अ‍ॅलन हा पियानोवादक आणि हजरजबाबी. कॅमेरा रस्त्यावर नेणे, प्रेक्षकांत जाऊन बोलणे, अंगभर चहाच्या पुड्या लावून पाण्याच्या टाकीत उतरणे असले प्रकार त्याने रूढ केले. त्याच्यानंतर आलेला जॅक पार (१९५७–६२) भावनाप्रधान आणि गप्पिष्ट. वाहिनीने आपला एक विनोद न विचारता कापला म्हणून फेब्रुवारी १९६० मध्ये तो कार्यक्रम चालू असतानाच उठून गेला आणि मार्चमध्ये परत आला. एकाने खोडकरपणा दिला, दुसऱ्याने संभाषण. पुढच्या जवळजवळ प्रत्येकाची नाळ या दोघांपैकी एकाशी जोडता येते.

जॉनी कार्सन (१९२५–२००५) : जन्म आयोवा राज्यातील कॉर्निंगचा, बालपण नेब्रास्कातील. १ ऑक्टोबर १९६२ ते २२ मे १९९२ अशी जवळपास तीस वर्षे त्याने ‘द टुनाइट शो’ चालवला. १९७२ मध्ये कार्यक्रम न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियातील बरबँकला हलला आणि चित्रपटसृष्टी त्याच्या दारात आली. जोडीदार एड मॅकमहन आणि बँडप्रमुख डॉक सेव्हरिन्सन ही त्याची दीर्घकाळची साथ. विनोद पडला की कार्सन क्षणभर गप्प राही, माइकवर टिचकी मारी. बँड एक जुनी नाचाची धून सुरू करी आणि तो दोन-चार पावले टाकी. पडलेल्या विनोदावर असा मिळणारा हशा मूळ विनोदाच्या हशाहून मोठा असे.

पाहुण्याला चमकू देणे हे कार्सनचे दुसरे वैशिष्ट्य. नव्या विनोदवीराचा प्रवेश संपल्यावर कार्सनने टेबलावरून नुसती पसंतीची खूण केली तरी त्याला कामे मिळू लागत. कोचावर बोलावले तर नशीबच उघडे. १९९१ मध्ये ड्रू केरीला पहिल्याच खेपेला हा मान मिळाला. फसवणूक मात्र तो खपवून घेत नसे. कार्सन लहानपणापासून जादूचे प्रयोग करी. ऑगस्ट १९७३ मध्ये मनःशक्तीने चमचे वाकवण्याचा दावा करणारा उरी गेलर पाहुणा म्हणून आला, तेव्हा कार्सनच्या माणसांनी जादूगार जेम्स रँडीच्या सल्ल्याने सर्व वस्तू स्वतः आणल्या आणि गेलरच्या मंडळींचा हात त्यांना लागू दिला नाही. समोर मांडलेल्या वस्तूंपुढे गेलर बराच वेळ चाचपडत राहिला. कार्सनने त्याची टर उडवली नाही; तो सौजन्याने वाट पाहत बसला, आणि ते सौजन्यच गेलरला जास्त महागात पडले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये टॉयलेट पेपरच्या टंचाईवर त्याने केलेला विनोद लोकांनी खरा मानला आणि दुकानांतील साठे रिकामे झाले.

त्याच्या सौजन्याला दुसरी बाजूही होती. वारंवार त्याच्या जागी काम केलेल्या जोन रिव्हर्सने १९८६ मध्ये फॉक्स वाहिनीवर स्वतःचा कार्यक्रम स्वीकारला, तेव्हापासून कार्सनने तिच्याशी बोलणे टाकले ते कायमचे.

डेव्हिड लेटरमन (जन्म १९४७) : इंडियानापोलिसमध्ये हवामानाच्या बातम्या सांगत पुढे आलेला. १ फेब्रुवारी १९८२ पासून एनबीसीवर कार्सननंतरच्या वेळेत ‘लेट नाइट’ आणि ३० ऑगस्ट १९९३ ते २० मे २०१५ सीबीएसवर ‘लेट शो’. कार्सन साच्यात रमला. लेटरमनने साच्याचीच थट्टा केली. कार्डे मागच्या खोट्या खिडकीकडे भिरकावायची आणि काच फुटल्याचा आवाज ऐकवायचा. चिकटपट्ट्यांचा सूट घालून उडी मारून भिंतीला चिकटायचे. पाळीव प्राण्यांच्या बिनकामाच्या करामती दाखवायच्या आणि दहा मुद्द्यांची यादी मांडायची. अंगभर विरघळणाऱ्या गोळ्या लावून त्याने पाण्यात घेतलेली बुडी ही सरळसरळ स्टीव्ह अ‍ॅलनला दिलेली सलामी होती. आसपासच्या दुकानदारांनाही त्याने पडद्यावर आणले. ब्रॉडवेवरील भेटवस्तूंच्या दुकानातले दोन बांगलादेशी विक्रेते त्यामुळे देशभर ओळखीचे झाले. विनोद पडला की तो सावरत बसत नसे. तोच विनोद पुन्हापुन्हा उगाळून प्रेक्षकांना शरण आणी.

पाहुण्याला तो चिमटा काढी आणि उलट चिमट्याची वाट पाही. २००५ मध्ये ऐश्वर्या राय आली असता, मोठी मुले आईवडिलांजवळ राहतात हे भारतात सर्रास आहे का, असे त्याने विचारले. आमच्याकडे आईवडिलांबरोबर जेवायला त्यांची वेळ घ्यावी लागत नाही, अशा आशयाचे उत्तर तिने दिले आणि सभागृहाने तिलाच टाळ्या दिल्या. तयारीने आलेल्या पाहुण्याला हा खेळ लाभे, बुजऱ्याला जड जाई. मात्र गंभीर प्रसंगी तो थट्टा बाजूला ठेवू शके. ऑक्टोबर २००२ मध्ये कर्करोगाने मरणपंथाला लागलेल्या गायक वॉरन झेव्हनला त्याने पूर्ण भाग दिला आणि मृत्यूविषयी आडवळण न घेता विचारले.

जे लेनो (जन्म १९५०) : कार्सनची गादी लेटरमनला मिळेल असे अनेकांना वाटत होते, एनबीसीने ती लेनोला दिली. लेनो हा क्लबांचे फड गाजवलेला कष्टाळू विनोदवीर. मोनोलॉग लांब, विनोद सोपे, कोणालाही न टोचणारे. १९९४ मध्ये त्याने मंच बदलून प्रेक्षक अगदी जवळ घेतले. विनोद पडला तर थांबायचे नाही, पुढचा सोडायचा, ही त्याची रीत. जुलै १९९५ मध्ये नुकतीच अटक होऊन सुटलेल्या नट ह्यू ग्रँटला त्याने पहिलाच प्रश्न विचारला तो घरातील वडीलधाऱ्याने विचारावा तसा : तू असे केलेस तरी कशाला? त्या सुमारास प्रेक्षकसंख्येत लेनो पुढे गेला आणि बहुतेक काळ पुढेच राहिला. समीक्षक आणि विनोदाच्या धंद्यातील माणसे मात्र लेटरमनकडे झुकलेली होती, आणि त्यांत खुद्द कार्सनही होता. निवृत्तीनंतर तो १९९४ मध्ये लेटरमनच्या कार्यक्रमात क्षणभर टेबलामागे बसून गेला, त्याला विनोद लिहून पाठवत राहिला. कार्सन गेल्यावर जानेवारी २००५ मध्ये लेटरमनने एका रात्रीचा संपूर्ण मोनोलॉग त्याच विनोदांचा केला आणि शेवटी ते कोणाचे हे सांगितले.

कोनन ओब्रायन (जन्म १९६३) : ‘द सिम्पसन्स’ या व्यंगचित्रमालिकेचा लेखक. १९९३ मध्ये लेटरमनच्या सुटलेल्या जागी आला तेव्हा पडद्यावर जवळजवळ अपरिचित होता. उंच, तांबड्या केसांचा, स्वतःच्या बावळटपणावर उभा असलेला विनोद हे त्याचे भांडवल. पाहुण्यापेक्षा स्वतःला हास्यास्पद करण्यात त्याला रस, त्यामुळे त्याच्यासमोर नवखा माणूसही मोकळा होतो. जून २००९ मध्ये त्याला ‘द टुनाइट शो’ मिळाला. पण लेनोला रात्री दहाची वेळ देण्याचा प्रयोग फसला आणि एनबीसीने कोननचा कार्यक्रम मध्यरात्रीपलीकडे ढकलण्याचा बेत केला. त्याने नकार दिला, २२ जानेवारी २०१० रोजी निरोप घेतला आणि पुढे टीबीएस वाहिनीवर २०२१ पर्यंत काम केले.

क्रेग फर्ग्युसन (जन्म १९६२) : २००५ ते २०१४ या काळात सीबीएसवर ‘द लेट लेट शो’ करणारा स्कॉटिश विनोदवीर. प्रेक्षकसंख्येत मागे, पण जाणकारांचा आवडता. ना बँड, ना माणूस जोडीदार; २०१० पासून टेबलाशेजारी एक यंत्रचलित सांगाडा. मुलाखतीच्या सुरुवातीलाच तो प्रश्नांची कार्डे टराटरा फाडी. फेब्रुवारी २००७ मध्ये गायिका ब्रिटनी स्पिअर्सवर सगळीकडे विनोद चालू असताना त्याने ते करायचे नाकारले आणि स्वतःच्या दारूच्या व्यसनाबद्दल, त्यातून बाहेर पडण्याबद्दल सांगितले. धर्मगुरू डेस्मंड टूटूबरोबरच्या २००९ मधील भागासाठी त्याला पीबडी पुरस्कार मिळाला.

राजकीय उपहास : कॉमेडी सेंट्रल वाहिनीवरील ‘द डेली शो’ने टेबलालाच वृत्तनिवेदकाचे टेबल केले. जॉन स्टुअर्टने (१९९९–२०१५) राजकारण्यांची जुनी आणि नवी विधाने शेजारी ठेवून त्यांतला विरोध दाखवण्याचे तंत्र मुरवले. त्याच्या तालमीतील स्टीव्हन कोल्बेरने २००५ पासून स्वतंत्र कार्यक्रमात एका अहंमन्य उजव्या भाष्यकाराचे सोंग नऊ वर्षे टिकवले. २०१५ मध्ये लेटरमनची जागा घेताना ते उतरवले. जॉन ऑलिव्हर २०१४ पासून एचबीओवर आठवड्यातून एकदाच येतो आणि बहुतेक वेळ एकाच विषयाला देतो. कार्सनने आपले राजकीय मत कधी कळू दिले नाही. या मंडळींचे मत हाच कार्यक्रमाचा कणा आहे.

फॅलन आणि किमल : २०१४ मध्ये ‘द टुनाइट शो’ न्यूयॉर्कला परत नेणारा जिमी फॅलन पाहुण्यांना खेळ खेळायला लावतो, त्यांच्याबरोबर गातो आणि कोणाला अडचणीत आणत नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये त्याने उमेदवार डोनल्ड ट्रम्प यांचे केस खेळकरपणे विस्कटले, तेव्हा याच मवाळपणावर टीका झाली. एबीसीवर २००३ पासून असलेला जिमी किमल आरंभी टवाळ म्हणून ओळखला जाई. मे २०१७ मध्ये नवजात मुलाच्या हृदयशस्त्रक्रियेबद्दल बोलताना त्याला रडू आवरले नाही, आणि तेथूनच तो आरोग्यविम्याच्या वादात उतरला.

वेगळे चेहरे : ही टेबले दीर्घकाळ गोऱ्या पुरुषांकडे राहिली. जोन रिव्हर्सचा फॉक्सवरील कार्यक्रम वर्षभरही टिकला नाही. कृष्णवर्णीय आर्सेनिओ हॉलने (१९८९–९४) टेबल काढूनच टाकले आणि रॅप संगीताला जागा दिली. जून १९९२ मध्ये बिल क्लिंटन यांनी त्याच्याकडे सॅक्सोफोन वाजवला. दक्षिण आफ्रिकेचा ट्रेव्हर नोआ २०१५ ते २०२२ ‘द डेली शो’चा प्रमुख होता. भारतीय वंशाच्या हसन मिनहाजने २०१८ मध्ये नेटफ्लिक्सवर आणि लिली सिंगने २०१९ मध्ये एनबीसीवर आपापला कार्यक्रम सुरू केला.

भारतातील पडसाद : या साच्याचे सर्वांत जवळचे भारतीय रूप म्हणजे १९९० च्या दशकाअखेरीस सोनी वाहिनीवर आलेला शेखर सुमनचा ‘मूव्हर्स अँड शेकर्स’. मोनोलॉग, बँड, टेबल आणि राजकारण्यांच्या नकला असा सगळा सरंजाम त्यात होता. झी मराठीवर २०१४ मध्ये सुरू झालेल्या ‘चला हवा येऊ द्या’मध्ये कलाकार चित्रपट-नाटकांच्या प्रसिद्धीसाठी येत हे साम्य होते, पण तेथे भार एकट्या सूत्रसंचालकावर, तेव्हाच्या डॉ. निलेश साबळे यांच्यावर नसून विनोदी नटांच्या संचावर, म्हणजे प्रहसनाच्या परंपरेवर पडे.

सद्यःस्थिती : आता अनेक प्रेक्षक कार्यक्रम पूर्ण न पाहता दुसऱ्या दिवशी त्यातील तुकडे यूट्यूबवर पाहतात. जाहिरातींचे उत्पन्न घटल्याने खर्चाला कात्री लागली : २०२४ मध्ये फॅलनचा कार्यक्रम आठवड्यात पाचाऐवजी चार रात्रींवर आला आणि दुसरा सूत्रसंचालक सेथ मायर्स याच्या कार्यक्रमातील बँड गेला. जुलै २०२५ मध्ये सीबीएसने ‘लेट शो’ मे २०२६ मध्ये कायमचा बंद करण्याचे जाहीर केले. कारण आर्थिक असल्याचे वाहिनीने म्हटले, टीकाकारांनी त्यात राजकीय दबाव पाहिला. तुकड्यांच्या या काळात तुलनेचे मापही बदलते आहे. खेळ आणि गाणी सुटी पाहता येतात, त्यामुळे ती जगभर फिरतात. पडलेला विनोद सावरण्याचे किंवा बुजऱ्या पाहुण्याला हळूहळू बोलते करण्याचे कसब मात्र पूर्ण तास पाहणाऱ्यालाच कळते. कार्सन आणि लेटरमन यांचे थोरपण नव्या प्रेक्षकाला पटवून देणे म्हणूनच कठीण जाते.