ओढ्याच्या दोन काठांचे एक गाव

जर्मनीचा इतिहास म्हटला की बिस्मार्क, कैसर, हिटलर अशी मोठी नावे आपणांस आठवतात. आज आम्ही मात्र आपणांस एका अशा खेड्यात नेणार आहोत, की ज्याची वस्ती अवघी पन्नासच्या आसपास आहे. बव्हेरियाच्या ईशान्य टोकाला, होफ शहराच्या उत्तरेस, डोंगराळ व थंड मुलुखात हे गाव वसले आहे. त्याचे नाव म्योडलारॉइट. ‘रॉइट’ हे त्या भागातील कित्येक गावांच्या नावांचे शेपूट आहे आणि त्याचा अर्थ जंगल तोडून मोकळी केलेली जमीन. म्हणजे गावाची जन्मकथा नावातच सांगितलेली आहे.

ह्या गावातून टानबाख नावाचा ओढा वाहतो. ओढा इतका अरुंद, की पोरासोरांनी एका उडीत ओलांडावा. पण पुढचे सारे महाभारत ह्या ओढ्यावरूनच घडले.

१८१० साली ओढ्याच्या काठाने हद्दीचे दगड रोवले गेले. एका काठावर बव्हेरियाचे राज्य आणि दुसऱ्या काठावर रॉइस घराण्याचे संस्थान. (ह्या राजघराण्यात प्रत्येक मुलाचे नाव हाइनरिशच ठेवीत व नुसता क्रमांक बदलीत, राजांचे आकडे सत्तरीच्या वर गेले होते!) हद्द आली, पण गावाचे काही बिघडले नाही. शाळा व खानावळ रॉइसच्या बाजूस होती. तेथे दोन्हीकडची मंडळी जात. देवळासाठी सगळे बव्हेरियातील शेजारच्या ट्योपेन गावी जात. लग्ने जुळत, शेतीची कामे एकमेकांकडे होत. १९१८ साली राजे गेले, १९२० साली रॉइसचा मुलूख थुरिंगिया प्रांतात सामील झाला, तरी ओढ्यावरची ये-जा तशीच राहिली. हद्द होती ती कागदावर आणि त्या दगडांवर.

१९४५ साली जर्मनी पराभूत झाली. विजेत्यांनी देशाचे तुकडे पाडताना जुन्या प्रांतांच्याच सीमा वापरल्या. थुरिंगिया रशियनांकडे, बव्हेरिया अमेरिकनांकडे. १९४९ मध्ये दोन स्वतंत्र जर्मन राज्ये स्थापन झाली आणि टानबाख एकाएकी दोन जगांमधली सीमा होऊन बसला. ज्यांनी १८१० साली ते दगड रोवले, त्यांच्या स्वप्नातही हे आले नसेल.

खरा घाव बसला तो १९५२ साली. मे महिन्यात पूर्व जर्मन सरकारने सीमेलगतचा पाच किलोमीटरचा पट्टा निर्बंधित केला. तेथे राहण्यास व शिरण्यासही परवाना लागे. सीमेलगत दहा मीटर रुंदीची पट्टी नांगरून मोकळी ठेवली, म्हणजे पावलांचा माग लपू नये. जूनमध्ये ‘अविश्वासू’ ठरविलेली कुटुंबे घरातून उठवून आत दूर हलविण्यात आली. थुरिंगियातील अधिकाऱ्यांच्या कागदांत ह्या मोहिमेला जो शब्द वापरला आहे त्याचा अर्थ ‘उपद्रवी कीड’ असा आहे. माणसांना घराबाहेर काढण्याआधी त्यांना किडा ठरवावे लागते, हे त्या एका शब्दावरून कळते. काही जण तत्पूर्वीच ओढा ओलांडून पळाले.

गावात आधी लाकडी फळ्यांचे कुंपण झाले, मग काटेरी तारा आल्या. १९६६ साली सुमारे सातशे मीटर लांबीची व तीन मीटरांहून उंच अशी काँक्रीटची भिंत उभी राहिली. अमेरिकन शिपायांनी गावाला ‘छोटे बर्लिन’ म्हणावयास सुरुवात केली. पश्चिमेकडचे लोक भिंत पाहावयास येत. १९८३ साली अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष जॉर्ज बुश हेही येऊन गेले. पूर्वेकडच्या गावकऱ्यांना पलीकडच्या माणसाकडे पाहून हात हलविण्याचीही मनाई होती. समोरच्या काठावर सख्खे नातलग उभे आहेत, आपण त्यांना पाहतो आहोत, आणि हात मात्र खालीच ठेवावयाचा! १९७३ साली एका इसमाने शिडी लावून ही भिंत पार केली, एवढीच काय ती हकीकत.

९ नोव्हेंबर १९८९ रोजी बर्लिनची भिंत उघडली. ह्या खेड्याला आणखी एक महिना वाट पाहावी लागली. ९ डिसेंबरला पायी जाणाऱ्यांसाठी वाट मोकळी झाली. १७ जून १९९० रोजी यंत्र लावून भिंत पाडण्यात आली. तिचा थोडा भाग मुद्दाम राखला असून तेथे आता संग्रहालय आहे.

जर्मनी एक झाली, पण १८१० ची हद्द गेली नाही. गावाचा एक भाग आजही बव्हेरियातील ट्योपेनकडे व दुसरा थुरिंगियातील गेफेलकडे मोडतो. टपालाचे क्रमांक दोन, नगराध्यक्ष दोन, मुलांच्या शाळाही वेगवेगळ्या. बव्हेरियाच्या काठावर भेटल्यावर देवाचे नाव घेऊन ‘ग्र्यूस गॉट’ म्हणतात, तर पलीकडे नुसते ‘गुटेन टाग’. आणि ओढा ओलांडावयास आता कोणी परवाना मागत नाही.