पाय लाल झाला, सुजला, ताप आला? धावरं अंगावर काढू नका

अमरावती/अकोला : निंदण, डवरणीच्या दिवसांत पाय दिवसभर ओलसर काळ्या मातीत राहतात. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचेला भेगा पडतात, मागच्या हंगामातलं पऱ्हाटीचं खुट रुततं. एवढ्याशा जखमेतून जंतू कातडीखाली शिरतात अन् दोन-तीन दिवसांत गुडघ्याखालचा पाय सुजतो. जुनी माणसं याला धावरं म्हणतात, डॉक्टर सेल्युलायटिस म्हणतात. वेळेवर औषध घेतलं तर बहुतेकदा गोळ्यांनीच बरं होतं. उशीर केला तर पाय अन् जीव दोन्ही धोक्यात येतात.

ओळखायचं कसं?
बहुतेक वेळा एकच पाय सुजतो. हात लावला तर गरम लागतो, दुखतो, लाली पसरत जाते. थंडी वाजून ताप येतो, जांघेत गाठ येते. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही. तिथे ताठरपणा, चमक अन् गरमपणा पाहावा. दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर कारण हृदय, किडनी किंवा शिरांचं असू शकतं. पोटरी एकाएकी सुजून दुखली तर आत रक्ताची गाठ असू शकते. दोन्ही वेळा डॉक्टरांना दाखवावंच.

उपचार काय?
डॉक्टर अँटिबायोटिक गोळ्या देतात, साधारण 5 ते 7 दिवस. दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नयेत. आधी एखाद्या औषधाची रिॲक्शन आली असेल तर ते सांगावं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं तेही सांगावं. लालीच्या कडेने पेनाने रेघ मारून ठेवावी. पहिल्या दिवशी लाली थोडी पुढे सरकू शकते; पण 48 तासांनंतरही ती वाढतच असेल किंवा ताप उतरत नसेल तर परत दवाखान्यात जावं. झोपताना पाय उशीवर ठेवावा.

हे करू नका
चुना, शेण, बिब्बा लावू नये. गरम शेक देऊ नये, ब्लेडने कापू नये, पाय आवळून बांधू नये. मेडिकलमधून मनाने दुखण्याच्या गोळ्या किंवा स्टिरॉइडचं मलम आणू नये.

लगेच दवाखाना
फोड आले, कातडी काळी-निळी पडली, दिसतं त्यापेक्षा जास्त दुखतं, माणूस बरळतो, लघवी कमी झाली, तर एक तासही थांबू नये. 108 नंबरची रुग्णवाहिका मोफत आहे. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन), अकोल्यात सर्वोपचार रुग्णालय आहे. आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. शुगर असलेल्यांनी पहिल्याच दिवशी दाखवावं. पायाला मुंग्या असल्या तर त्यांना जखम कळतही नाही.

पुन्हा होऊ नये म्हणून
एकदा झालेलं धावरं त्याच पायाला परत होऊ शकतं. वावरातून आल्यावर पाय साबणाने धुवावेत अन् बेचके कोरडे पुसावेत. चिखल्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं बुरशीचं मलम लावावं, भेगांना तेल किंवा व्हॅसलीन. चिखलात गमबूट घालावेत. खुट रुतलं तर जखम त्याच दिवशी धुवावी, रात्रीवर टाकू नये.