विडी, सिगारेट आणि सरकार : धूम्रपान रोखण्याच्या प्रयत्नांचा इतिहास

तंबाखू पोर्तुगिजांच्या गलबतांतून पश्चिम किनाऱ्यावर उतरली आणि तिथून आदिलशाहीत पोहोचली. १६०४च्या सुमारास अकबराचा दूत असद बेग विजापूरला आला होता. परतताना त्याने तंबाखू आणि ती ओढण्याचे नक्षीदार साहित्य आग्र्याला नेले. दरबारच्या हकिमांनी या अनोळखी पानाला आक्षेप घेतला, पण सरदारांना त्याची गोडी लागली. पुढे अवघ्या बारा-तेरा वर्षांत, १६१७ मध्ये, प्रकृतीला अपायकारक म्हणून जहांगीरला तंबाखू ओढण्यावर बंदी घालावी लागली. इराणच्या शाह अब्बासनेही असाच हुकूम काढला होता. दोन्ही बंद्या टिकल्या नाहीत. शेतकऱ्याला नगदी पीक मिळाले, सरकारी खजिन्यात जकात पडू लागली आणि चिलीम, गुडगुडी खेडोपाडी पोहोचली. व्यसन लागलेला माणूस, पोट भरणारा धंदा आणि महसुलावर डोळा ठेवणारे सरकार यांची गाठ तेव्हाच पडली. त्यानंतरच्या प्रत्येक उपायाला या गाठीशी झुंजावे लागले आहे.

विसाव्या शतकात धूम्रपानाच्या दोन वाटा झाल्या. १९१० मध्ये कोलकात्यात इम्पीरियल टोबॅको कंपनी स्थापन झाली आणि कारखान्यातली सिगारेट शहरी मध्यमवर्गात रुजली. विडी मात्र हातावर वळली जात होती. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीच्या जंगलांतला तेंदूपत्ता आणि सिन्नर, संगमनेर, अहमदनगर, सोलापूर इथले स्वस्त श्रम यांवर हा धंदा वाढला. सोलापुरात तो प्रामुख्याने पूर्व भागातल्या तेलुगुभाषक पद्मशाली घरांतल्या स्त्रियांच्या हाती आला. ओलसर केलेले पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीने कापायचे, त्यात चिमूटभर तंबाखू पसरून वळायचे, तोंड दुमडायचे आणि दोरा बांधायचा. मजुरी हजारावर ठरते. कारखान्यात माल परत देताना तपासनीस ज्या विड्या छाट म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे मिळत नाहीत. या कामगारांसाठी १९६६ मध्ये सेवाशर्तींचा आणि १९७६ मध्ये कल्याण निधीचा कायदा झाला. म्हणजे विडी ओढणाऱ्याच्या आरोग्यासाठी पहिला कायदा होण्याच्या आधीच विडी वळणाऱ्यांच्या हक्काचा कायदा झाला होता. श्रमिकांच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण पुढे विडीवर कडक उपाय करायची वेळ आली, की या स्त्रियांच्या रोजगाराची ढाल धंद्याने प्रत्येक वेळी पुढे केली.

स्वतंत्र भारताने धूम्रपानाविरुद्ध पहिला मोठा केंद्रीय कायदा केला तो १९७५ मध्ये. त्याने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा सक्तीचा केला. इशारा अक्षरांत होता, त्यामुळे ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत तो पोहोचला नाही. विडी तर या कायद्याच्या कक्षेतच नव्हती. जाहिरातीही सुरू राहिल्या. १९९६ची क्रिकेट विश्वचषक स्पर्धा विल्स या सिगारेटच्या नावाने भरली आणि लहान मुलांनी ते नाव खेळाबरोबरच पाठ केले.

पुढचा जोर राज्यांतून आणि न्यायालयांतून आला. दिल्लीने १९९६ मध्ये आणि गोव्याने १९९७ मध्ये सार्वजनिक जागी धूम्रपान करण्याविरुद्ध कायदे केले. गोव्याच्या कायद्यात थुंकण्याचाही समावेश होता. जुलै १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक धूम्रपान बेकायदा ठरवले. मुंबईचे खासदार राहिलेले मुरली देवरा यांच्या याचिकेवर २ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रुग्णालये, शाळा-महाविद्यालये, ग्रंथालये, न्यायालये, सरकारी कार्यालये आणि रेल्वेसह सार्वजनिक वाहने धूम्रपानमुक्त करण्याचा आदेश दिला. न ओढणाऱ्याला दुसऱ्याचा धूर सोसायला लावणे म्हणजे त्याच्या जगण्याच्या हक्कावर घाला आहे, हे त्यामागचे तत्त्व होते.

२००३ मध्ये संसदेने सर्व तंबाखूजन्य पदार्थांना लागू होणारा कायदा केला. ‘कोटपा’ या संक्षिप्त नावाने तो ओळखला जातो. त्याने जाहिरातींवर बंदी घातली, अठरा वर्षांखालील मुलांना आणि शैक्षणिक संस्थांपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास मनाई केली आणि विडीलाही कायद्याच्या चौकटीत आणले. फेब्रुवारी २००४ मध्ये भारताने जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराला मान्यता दिली. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणांचे सुधारित नियम आले. त्यांनुसार कार्यालये, उपाहारगृहे, चित्रपटगृहे अशा जागी धूम्रपान करणाऱ्याला दोनशे रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोठी हॉटेले, तीस किंवा अधिक आसनांची उपाहारगृहे आणि विमानतळ यांना मात्र वेगळी धूम्रपान खोली ठेवण्याची मुभा राहिली.

पाकिटावरच्या चित्रांचा लढा अधिक लांबला. ३१ मे २००९ पासून दर्शनी भागाच्या ४० टक्के जागेवर सचित्र इशारा आला. तो ८५ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता, पण लोकसभेच्या समितीने तो थांबवण्याची शिफारस केली. समितीचे अध्यक्ष, अहमदनगरचे खासदार दिलीप गांधी यांनी तंबाखूमुळे कर्करोग होतो हे दाखवणारा भारतीय अभ्यास नसल्याचे विधान केले. वास्तविक मुंबईतल्या रहिवाशांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून झालेल्या अभ्यासात विडी ओढणाऱ्यांमधला मृत्युदर जास्त आढळला होता. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाने विडीमुळे पुरुषांचे आयुष्य सरासरी सहा आणि स्त्रियांचे आठ वर्षांनी घटते, असा निष्कर्ष काढला होता. सिगारेटमुळे पुरुषांची होणारी घट दहा वर्षांची होती. अखेर १ एप्रिल २०१६ पासून मोठी चित्रे लागू झाली आणि सप्टेंबर २०१८ पासून पाकिटावर व्यसनमुक्तीचा मोफत दूरध्वनी क्रमांकही आला.

या सगळ्याचा उपयोग झाला का, याचे उत्तर देण्यासाठी दोन राष्ट्रीय पाहण्या हाताशी आहेत. पहिली २००९-१० ची, दुसरी २०१६-१७ ची. या काळात देशात धूम्रपान करणाऱ्या प्रौढांचे प्रमाण १४ टक्क्यांवरून १०.७ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ते ६.६ वरून ३.८ टक्क्यांवर उतरले. इशारा पाहून सोडण्याचा विचार केला, असे सांगणारे सिगारेट ओढणारे ३८ टक्क्यांवरून ६१.९ टक्के झाले, तर विडी ओढणारे २९.३ वरून ५३.८ टक्के. घरात दुसऱ्याचा धूर सोसणाऱ्यांचे प्रमाण ५२.३ वरून ३८.७ टक्क्यांवर आले. सार्वजनिक जागी धूम्रपान रोखणारा कायदा घराच्या आत लागू होत नाही. तरीही मुलाबाळांसमोर ओढणे गैर आहे, ही समज सार्वजनिक बंदीच्या काळातच घराघरांत वाढली. घट एकट्या कायद्यामुळे झाली असे म्हणता येणार नाही. शिक्षण आणि आरोग्याबद्दलची जाण यांचाही त्यात वाटा असणार. पण कायद्याशिवाय ही दिशा इतकी स्पष्ट झाली असती, असे मानणे कठीण आहे.

याच पाहण्यांतून उपायांची उणीवही दिसते. सिगारेट ओढणारे ५.७ वरून ४ टक्क्यांवर आले, म्हणजे सुमारे ३० टक्क्यांनी घटले. विडी ओढणारे ९.२ वरून ७.७ टक्क्यांवर आले. ही घट सुमारे १६ टक्क्यांची आहे. कामाच्या बंदिस्त जागी धूर सोसणाऱ्यांचे प्रमाण तर तीस टक्क्यांच्या आसपासच राहिले. नियम सर्वांसाठी एकच, पण तो कचेरीत पाळला गेला आणि छोट्या कारखान्यात, गोदामात त्याला विचारणारे कोणी नव्हते.

विडी मागे का राहिली, हे पानटपरीवर उभे राहिले की कळते. कोपऱ्यात सुंभाची दोरी धुमसत असते, गिऱ्हाईक एक-दोन नग मागते, तिथेच पेटवते आणि निघून जाते. पाकीट दुकानदाराकडेच राहते, त्यामुळे चित्र ओढणाऱ्याच्या खिशात जात नाही आणि दरवाढही एका नगामागे फारशी जाणवत नाही. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या सिगारेटी-विड्यांच्या विक्रीवर बंदी घातली ती याच कारणाने. विडीचे बंडल मुळात गोल आणि निमुळते. त्यावरचे चित्र वळणात दडते, छपाईही अनेकदा पुसट असते.

सर्वांत मोठा फरक करात आहे. जागतिक आरोग्य संघटना तंबाखूच्या किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा असे सांगते. विडीच्या बाबतीत तो त्याच्या जवळपासही गेलेला नाही. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा सिगारेटवर २८ टक्क्यांच्या वर अधिभार लागला, विडीवर तो लागला नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने सिगारेटसाठी ४० टक्के दर ठरवला आणि विडीचा दर १८ टक्क्यांवर, तेंदूपत्त्याचा ५ टक्क्यांवर आणला. रोजगार वाचवण्याचे कारण त्यामागे आहे. पण विडी वळणारी बाई आणि विडी ओढणारा मजूर बहुधा एकाच वस्तीत, कधी एकाच घरात राहतात. स्वस्त विडीमुळे वाचलेली मजुरी पुढे औषधपाण्यात आणि कमावत्या माणसाच्या अकाली मृत्यूत जाते.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. इथे धुरापेक्षा मळलेली तंबाखू आणि मिश्री यांचा वापर कितीतरी जास्त. दुसऱ्या पाहणीत राज्यातल्या २६.६ टक्के प्रौढांना तंबाखूचे कोणते ना कोणते व्यसन होते आणि त्यांतले बहुसंख्य धूरविरहित तंबाखू वापरणारे होते. राज्याने २००२ मध्ये घातलेली गुटखाबंदी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. जुलै २०१२ मध्ये अन्नसुरक्षा नियमांच्या आधारे ती पुन्हा आली, तरी शेजारच्या राज्यांतून होणारी चोरटी आवक चालूच राहिली. गडचिरोलीत २०१६ पासून शासन आणि डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था यांनी चालवलेल्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने गावसभा, शाळा आणि उपचार यांची बंदीला जोड दिली.

चारशे वर्षांच्या या अनुभवातून एवढे निश्चित सांगता येते की, सरकारी उपाय परिणाम करतात. कर, मोठे चित्र, धूरमुक्त जागा आणि जाहिरातबंदी हे चारही जिथे एकत्र लागू झाले तिथे धूम्रपान वेगाने घटले. जिथे त्यांतला एखादा मुद्दाम सैल ठेवला गेला तिथे घट मंदावली, आणि ती सैलता सर्वाधिक मिळाली गरिबाच्या विडीला. तिच्यावर पुरेसा कर लावून तो पैसा सोलापूर-सिन्नरच्या स्त्रियांना दुसरे काम मिळवून देण्यासाठी आणि सोडू पाहणाऱ्यांच्या उपचारांसाठी वापरणे, ही आजवर अपुरी राहिलेली पायरी आहे.