जुन्या मोटारी आणि नवी ठिणगी

मोटारीच्या एंजिनांत हवा व पेट्रोलची वाफ यांचें मिश्रण दाबलें जातें आणि नेमक्या क्षणीं त्यांत ठिणगी पडते. तो क्षण चुकला कीं बाकीचें सारें यंत्र व्यर्थ. ही ठिणगी पाडण्याची जी रीत विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकेंत आकारास आली, ती साठांहून अधिक वर्षें जवळजवळ जशीच्या तशी टिकली. पुढें ती मागें पडल्यावर जुन्या गाड्या जपणाऱ्या हौशी लोकांनीं तिच्या जागीं इलेक्ट्रॉनिक योजना बसविण्यास आरंभ केला. असा पालट केलेली गाडी बंद पडली म्हणजे मालक प्रथम नव्या भागाला दोष देतो. बहुतेक वेळां मात्र त्या बिघाडाचें मूळ मोटारीच्या इतिहासांत दडलेलें असतें.

ओहायो राज्यांतील डेटन येथें चार्लस केटरिंग हा इंजिनीयर रोखनोंदणीचीं यंत्रें बनविणाऱ्या कारखान्यांत नोकरीस होता. एडवर्ड डीड्स या स्नेह्याच्या घरामागील कोठारांत, फावल्या वेळीं, त्यानें मोटारीच्या प्रज्वलनाचा प्रश्न हातीं घेतला. कॅडिलॅक कंपनीच्या हेन्री लेलंड यांनीं ही योजना स्वीकारली आणि १९०९ मध्यें डेल्को कंपनीची स्थापना झाली.

योजना सोपी होती. बॅटरीचा प्रवाह कॉइलमधील जाड तारेच्या वेढ्यांतून वाहत असतो. एंजिनाबरोबर फिरणाऱ्या दांड्यावरील उंचवटा धातूचीं दोन लहान टोकें, म्हणजेच पॉइंट, एकमेकांपासून अलग करतो. प्रवाह तुटतांच कॉइलमधील चुंबकत्व लोपतें, बारीक तारेच्या हजारों वेढ्यांत प्रचंड विद्युद्दाब उत्पन्न होतो, आणि डिस्ट्रिब्यूटर तो पाळीपाळीनें एकेका प्लगकडे पोंचवितो. पॉइंटांमध्येंच ठिणगी पडून ते जळूं नयेत म्हणून शेजारीं कंडेन्सर असतो.

चार सिलिंडरांचें एंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असतां पॉइंटांना मिनिटाला ६००० वेळां उघडावें लागतें. त्यांच्यामधील फट इंचाच्या हजार भागांपैकीं सुमारें पंधरा भाग. उंचवट्यावर घासणारा तुकडा झिजला कीं फट आकसते, ठिणगीची वेळ मागें पडते, गाडीचा जोर जातो. म्हणून दर कांहीं हजार मैलांनीं पॉइंट घासावे किंवा बदलावे लागत. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेल्या पद्मिनी टॅक्सी चालविणाऱ्या मुंबईकरांना हें निराळें सांगावयास नको.

१९४७ मध्यें बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि १९६३ मध्यें पाँटियाक गाड्यांसाठीं पॉइंट नसलेली योजना विक्रीस आली. तरी कारखानदारांना घाई नव्हती, कारण पॉइंट स्वस्त होते. खरा धक्का दिला तो कायद्यानें. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानें धुरावरील मर्यादा ५०,००० मैलांपर्यंत पाळणें बंधनकारक केलें, आणि इतकी मजल मारणें झिजणाऱ्या पॉइंटांच्या आवांक्याबाहेरचें होतें. क्रायस्लरनें १९७३ च्या गाड्यांत व जनरल मोटर्सनें १९७५ च्या गाड्यांत इलेक्ट्रॉनिक प्रज्वलन सरसकट दिलें. इंग्लंडांत १९७१ च्या बारा सिलिंडरांच्या जॅग्वारमध्यें लूकस कंपनीची अशीच योजना आली. तिचें नियंत्रक यंत्र एंजिनाच्या माथ्यावर, दोन रांगांमधील खोबणींत बसविलेलें होतें आणि तेथील उष्णतेनें तें निकामी होई. उष्णता हा ट्रान्झिस्टरचा जुना वैरी आहे.

जुन्या गाड्यांसाठीं निघालेल्या बहुतेक संचांत एडविन हॉल यानें १८७९ मध्यें बाल्टिमोर येथें शोधलेल्या गुणधर्माचा उपयोग केलेला असतो. रोटरखालच्या कड्यांतील लोहचुंबक समोरून जातांच लहानसा संवेदक प्रवाह तोडतो. कांहीं संचांत हेंच काम अदृश्य प्रकाशकिरणाकडून करवून घेतात. सर्व कांहीं जुन्या झांकणाखालीं मावतें आणि बाहेरून गाडी मुळांतली दिसते. घोटाळा येथेंच होतो. रूप पालटलें नाहीं म्हणून बाकीच्या तारांकडे कोणी पाहत नाहीं.

पहिली अडचण दिशेची. अनेक ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचें धन टोक सांगाड्याला जोडलेलें असे. एम्. जी. बी. या गाडींत ही रीत १९६७ पर्यंत होती. पॉइंटांना प्रवाहाची दिशा उलट असली तरी कांहीं बिघडत नसे. ट्रान्झिस्टर मात्र तत्काळ जळतो. म्हणून संच घेण्यापूर्वीं कोणतें टोक सांगाड्याला जोडलें आहे तें पाहणें अवश्य.

दुसरी अडचण अधिक फसवी. १९५५ च्या सुमारास अमेरिकन गाड्या ६ व्होल्टांवरून १२ व्होल्टांवर आल्या, परंतु कित्येकींत कॉइल कमी दाबाचीच ठेवून तिच्या वाटेंत एक रोधक घालण्यांत आला. स्टार्टर फिरत असतां बॅटरीचा दाब उतरतो, तेवढ्यापुरता निराळ्या तारेनें रोधक टाळून कॉइलला पूर्ण प्रवाह मिळे. पुढें कांहीं गाड्यांत या रोधकाऐवजीं रोध असलेली तारच इतर तारांच्या जुडग्यांत गुंफली, आणि ती डोळ्यांना दिसेनाशी झाली. नवा संवेदक या तारेवर जोडला तर त्याला १२ व्होल्ट मिळतच नाहींत. गाडी चार दिवस चालते आणि दिवे लावून मंद गतीनें जातांना अडखळूं लागते. किल्ली फिरवितांना एंजिन पेटतें व सोडतांच विझतें, तर रोधक तुटलेला समजावा. उलट, किल्ली सोडतांना तेवढें पेटत असेल, तर नवी तार किल्लीच्या अशा टोकाला जोडलेली आहे कीं ज्याला स्टार्टर फिरत असतां प्रवाहच मिळत नाहीं. दोन्ही वेळां व्होल्टमापक संवेदकाच्या तारेवर धरला कीं निकाल लागतो.

कॉइलचा रोधहि मोजावा. चार सिलिंडरांच्या साध्या संचाला बहुधा ३ ओहम लागतात. कमी असल्यास संवेदक तापतो. एंजिन बंद असतां किल्ली चालू राहिली तरी तोच परिणाम. शिवाय डिस्ट्रिब्यूटरमधील बारीक लवचिक तार, जी आंतल्या पट्टीला सांगाड्याशीं जोडते, ती तुटलेली असली तर ठिणगी मधूनमधून नाहींशी होते, आणि हा दोष शोधतांना भल्याभल्यांची दमछाक होते. प्लगांच्या तारा निव्वळ तांब्याच्या असतील तर त्यांतून उठणाऱ्या लहरी संवेदकाला भ्रमांत पाडतात.

जाणते मालक काढलेले पॉइंट व कंडेन्सर फेंकून न देतां हत्यारांच्या पेटींत ठेवतात. रस्त्यांत गाडी अडली तर ते पुन्हा बसवावयाचे. त्यांवर एंजिन चाललें तर कॉइल, रोटर व प्लग निर्दोष ठरतात, आणि तपास नव्या संवेदकापुरता व त्याला मिळणाऱ्या दाबापुरता उरतो.